कापणारा हात

सुभद्रेने डालगे एका बाजूने उचलले, हात आत सरकवला आणि तांबड्या कोंबड्याच्या पोटाखाली तळवा देऊन त्याला अलगद बाहेर काढले. पाय धरून उलटे लोंबकळत काढायची तिची रीत नव्हती. तसे केले की कोंबडा ओरडतो, आणि एक ओरडला की बाकीचे दाण्याला तोंड लावत नाहीत. तिने त्याला मांडीशी धरून अंगठ्याने छाती चाचपली. हाड लागत नव्हते. आठ महिने तांदळाची कणी, सुक्या जवळ्याचा चुरा आणि वारुळातली वाळवी खाऊन त्याने अंग धरले होते. डालग्यात आणखी दोन होते, एक कवड्या रंगाचा, एक पिवळ्या पायांचा. एकाच कोंबडीखाली निघालेले तिघे भाऊ. तिघांत मिळून पंधरा पाने आरामात उठली असती.

उन्हे अजून माडांच्या शेंड्यांवरच होती. खाडीला सुकती लागली की वालावलहून होडी सुटणार आणि ओसरत्या पाण्याबरोबर अकराच्या सुमारास कांदळवाडीला लागणार, असा निरोप होता. तुळसाची सोयरीक आज पक्की व्हायची होती.

तुळसा धावतच अंगणात आली आणि तुळशीपाशी थांबली.

"आये, धोंडूकाका येवचे नाय म्हणतत."

"कित्याक?"

"हात दुखता म्हणतत." ती घुटमळली. "आनी म्हणाले, वालावलकारांका पेज वाढा."

सुभद्रेने कोंबडा पुन्हा डालग्याखाली सोडला. डालग्यावर दगड ठेवला.

"सीताकाकी काय म्हणाली?"

"काय नाय. चुलीकडे उभी होती. माझ्याकडे बघूकच नाय."

कांदळवाडीत घरे सात, आणि सातही एकाच भावकीची. साल अठ्ठावन्न. गावात चौथीपर्यंतची शाळा आली होती, मालवणच्या रस्त्यावर एस.टी. धावत होती, पण वाडीतल्या काही गोष्टी होत्या तिथेच होत्या. कोंबड्या पाळायच्या त्या बायकांनी. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची, पिले निघाली की त्यांना कणी भिजवून घालायची, घार उतरली तर काठी घेऊन धावायचे, मानमोडीच्या रोगाचे दिवस आले की खुराड्यात राख पसरून देवाला हात जोडायचे, हे सगळे बायकांचे. पण कापायची वेळ आली की बाईमाणसाने सुरीला हात लावायचा नाही. का, ते कोणी कुणाला सांगितले नव्हते आणि कोणी विचारलेही नव्हते. कापणारा पुरुष घरचा असावा, घरचा नसला तर भावकीतला. निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला, कोणी गिरणीत, कोणी गोदीत. तेव्हा वाडीत कापणारा उरला तो धोंडू.

कापणाऱ्याचा मान म्हणून काळीज आणि एक तंगडी त्याची. त्याबद्दल कुणाची कुरकुर नव्हती. पण मानाचे हळूहळू दुसरेच काही झाले होते. कोणाचा कोंबडा कधी कापायचा, ठेवायचा कुठला, पाहुणे कोंबडा कापण्याजोगे आहेत की नाहीत, हे धोंडू ठरवू लागला होता. बायका त्याच्या पडवीच्या पायरीशी कोंबडा पदराखाली धरून उभ्या राहत आणि तो पान लावत बसे. अलीकडे दोन-तीन वर्षे तर तो कुणाच्या अंगणातही येत नसे. बायकांच्या डोळ्यांदेखत रक्त नको म्हणून कोंबडा आपल्या मागीलदारी नेई आणि सोलून पाठवी.

आणि आता त्याचा राग होता. त्याला आपल्या मेव्हण्याच्या मुलासाठी तुळसा हवी होती. तुळसाने त्या मुलाला जत्रेत पाहिले होते. ती नको म्हणाली आणि सुभद्रेने तिचे ऐकले. कार्तिकातल्या तुळशीच्या लग्नापासून दोन्ही घरांत बोलणे तुटक झाले होते. पण आजच्या दिवशी तो असे करील असे सुभद्रेला वाटले नव्हते.

"बाबलीक इचारून ये," ती म्हणाली. बाबली हा मुंबईला न जाता वाडीत राहिलेला दुसरा पुरुष, तिचा धाकटा चुलतदीर. तुळसा गेली तशी परत आली.

"बाबलीकाका म्हणतत, धोंडूदादान सगळ्यांका सांगल्यानी हा. कोणी हात लावचो नाय."

पडवीत बसलेला भिकाजी हे सगळे ऐकत होता. तो चार दिवसांपूर्वी बोटीने मालवणच्या बंदरात उतरला होता. परळच्या गिरणीत वीस वर्षे झालेला, अंगाने थोराड, हाताला घट्टे पडलेला माणूस. पण रक्त दिसले की त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येई. लग्न झाले त्याच वर्षी, गणपतीनंतरच्या कोंबडीच्या सागोतीला, भावकीच्या आग्रहाखातर त्याने कोंबडा धरला होता आणि सुरी लावायच्या आत स्वतःच अंगणात आडवा झाला होता. ही गोष्ट धोंडू दर वर्षी सांगे आणि दर वर्षी वाडी हसे. भिकाजीही हसे.

तो उठला, आत गेला आणि सुरी घेऊन आला.

"घेवन ये तो कोंबो."

"तुमका जमाचा नाय."

"जमात. आपल्या चेडवाचा काम आसा."

सुभद्रेने त्याला अडवले नाही. मागीलदारी, फणसाच्या मुळाशी, जिथे पाणी ओतले की वाहून जाते तिथे तो उकिडवा बसला. तिने पिवळ्या पायांचा कोंबडा त्याच्या हातात दिला. भिकाजीने त्याचे पाय डाव्या हाताने धरले, सुरी उजव्या हातात घेतली आणि मग त्याच्या लक्षात आले की मान धरायला हात नाही. त्याने पाय गुडघ्याखाली दाबले. कोंबड्याने पंख फडफडवले, धूळ उडाली. सुरीचे टोक पिसांना टेकले मात्र, भिकाजीच्या कपाळावर घाम फुटला, ओठ पांढरे पडले. सुरी जमिनीत रुतली आणि कोंबडा ओरडत आडोशाला पळाला.

सुभद्रेने आधी नवऱ्याला फणसाला टेकवून बसवले. तांब्या आणून दिला.

"पिया. डोळे मिटून ऱ्हवा वायच."

"माका वाटला आज जमात," तो म्हणाला.

तिने पदराने त्याचे कपाळ पुसले आणि पळालेल्या कोंबड्याला "बा, बा" करीत बोलावले. तो आला. आठ महिने याच हाताने त्याला बोलावले होते. त्याला दुसरे काय ठाऊक असणार.

सुरी जमिनीतून उपटून तिने हातात घेऊन पाहिली. एक हात सुरीला गेला की कोंबड्याला एकच उरतो, आणि म्हणूनच गोंधळ होतो, हे तिला नवऱ्याचे पाहून कळले होते. तिने सुरी बाजूला ठेवली. स्वयंपाकघराच्या दाराआड तिचा आडाळो होता, पाटाला पाते बसवलेली मोठी विळी. तिच्या आईने लग्नात दिलेली. गेली पंचवीस वर्षे तिने तिच्यावर बांगडे चिरले होते, सुरमईच्या तुकड्या पाडल्या होत्या, मासळीच्या हंगामात रात्रंदिवस बसून पाठ मोडून घेतली होती. पाटावर पाय दाबून बसले की दोन्ही हात मोकळे.

तिने आडाळो फणसाखाली आणून मांडला. पाय पाटावर दाबला. कोंबड्याला पुन्हा पोटाखाली तळवा देऊन उचलले आणि मांडीवर घेतले.

तो ओरडला नाही. धोंडूच्या मागीलदारातून कोंबडे ओरडल्याचे वाडीभर ऐकू येई. सुभद्रा त्या वेळी नेहमी चुलीपाशी वाटप वाटत असे, आणि आवाज थांबेपर्यंत पाट्यावरचा वरवंटा जोरात फिरवी. आज तिच्या हाती वरवंटा नव्हता. कोंबडा तिच्या ओळखीच्या हातात गप्प बसला होता, एक डोळा तिच्याकडे वळवून. तिने त्याच्या मानेवरची पिसे डाव्या हाताने मागे सारली. तिला वाटले, आपण रडू. पण रडू आले नाही. जे आले ते काही वेगळेच होते, मोठ्या भांड्यात पाणी भरून उचलताना कंबर सावरून घ्यावी तसे.

"तुळसा," ती म्हणाली, "आत जा. पाण्याखाली जाळ कर."

आणि दोन्ही हातांनी मान पात्यावर नेली.

पंख सुटले. तिच्या लुगड्यावर, दंडावर, गालावर रक्त उडाले. तिने अंग धरून ठेवले, घट्ट, धडपड थांबेपर्यंत, आणि मान खाली करून रक्त पुरते निथळू दिले. फणसाकडे पाठ करून बसलेल्या भिकाजीने विचारले,

"झाला?"

"एक झालो."

"मी बघूक नाय."

"बघू नकात. चुडतां घेवन येवा, पिसा काढल्यार भाजूक व्हयी."

तो उठून झावळ्या आणायला गेला. दुसऱ्या कोंबड्याचे पंख तिने आपल्या मांडीखाली दाबून घेतले, तेव्हा रक्त कमी उडाले. तिसरा, तांबडा, तिने सर्वांत शेवटी घेतला. त्याचे तिला थोडे जड गेले, पण हात अडखळला नाही. ती उठली. तिने ते दोन्ही हात डोळ्यांपुढे धरून पाहिले, मग घंगाळात बुडवले.

त्यानंतर वेळ कसा गेला ते कळले नाही. गरम पाण्यात पिसे सुटली, भिकाजीने चुडत पेटवून कोंबडे भाजले. कापलेल्या कोंबड्याची त्याला भीती नव्हती, हेही त्या दिवशी कळले. हळद लागली. सुके खोबरे आणि कांदा भाजल्याचा वास माजघरातून पडवीत, पडवीतून अंगणात, अंगणातून दगडी गडग्यापलीकडे गेला. बाकीच्या सहाही घरांत त्या वासाने एकच प्रश्न नेला. गडग्यावरून एकदोन डोकी वर आली आणि खाली गेली. तुळसाने वड्यांचे पीठ मळले. सुभद्रेने अंग धुऊन हिरवे लुगडे नेसले आणि कुंकू लावताना गालावरचा एक ठिपका राहून गेलेला पुसला.

अकराला होडी लागली. वालावलहून सहाजण आले होते. मुलाचा बाप दहा वर्षांपूर्वी वारलेला, म्हणून बोलणी करायला मुलाचा मामा गुरुदास होता. तो कुडाळच्या कचेरीत कारकून, काळी टोपी, गळ्यापर्यंत बटणे लावलेला कोट, बोलणे शुद्ध. मुलाची आई काशीबाई उन्हात रापलेली, सडपातळ, फार न बोलणारी बाई. तिने आल्याबरोबर खुराड्याकडे पाहिले, उरलेल्या तरण्या तलंगा मोजल्यासारख्या नजरेखालून घातल्या आणि मग ती घरात शिरली.

भावकीला बोलावल्याशिवाय बोलणी होत नाहीत. बाबली आला, मागोमाग धोंडूही आला, धुतलेले धोतर नेसून. उंबऱ्याशी तो जरा थांबला. त्याने एकदा वास घेतला, एकदा भिकाजीकडे पाहिले, आणि वडीलकीच्या जागी जाऊन बसला.

बोलणी सरळ झाली. वैशाखातला मुहूर्त, वालावलच्या लक्ष्मीनारायणापुढे अक्षता, मुलाचे गोदीतले काम पक्के. गुरुदासने दोन-तीनदा घसा साफ करून "आमच्या घराण्यात" असे म्हटले आणि भिकाजीने दोन-तीनदा मान डोलावली. पाने मांडली गेली. पुरुषांची पंगत पडवीत बसली. विहीण म्हणून काशीबाईचे पान माजघरात दाराच्या समोरच, त्याच वेळी वाढले.

वडे टम्म फुगले होते. सागोतीचा रस्सा पानावर पडला तसा सगळ्यांच्या बोलण्याला उतार पडला. गुरुदासने पहिला घास घेतला आणि डोळे अर्धवट मिटले. धोंडूने डाव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलला, घोटभर प्याला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला,

"सागोती बरी झाली हा. भिकाजी, कोंबो कापल्यान कोणी? तुया?"

बाबलीने मान पानात घातली. गुरुदास कौतुकाने भिकाजीकडे पाहू लागला.

हो म्हणायला काही लागत नव्हते. वालावलकरांना काय कळणार होते? पण हो म्हटले की पुढचे धोंडूच्या हातात होते. उद्या, परवा, लग्नाच्या मांडवात तो हसत हसत सांगू शकला असता की व्याही पहिल्याच दिवशी खोटे बोलले. सुभद्रा रश्याचे पातेले घेऊन उंबऱ्यावर उभी होती. ती भिकाजीकडे पाहत नव्हती. तिला वाटत होते, 'हो' म्हणू दे. त्याचीही लाज राहील.

भिकाजीने हातातला वडा पानावर ठेवला.

"माका रगत बघवणा नाय," तो म्हणाला. "आमच्या वाडीक म्हायत आसा, तुमकाय म्हायत होवंदे. तीनय कोंबे घरातल्यान कापल्यान."

"म्हणजे?" गुरुदासचा हात थांबला. "बाईमाणसाने?"

भिकाजीने होकारार्थी मान हलवली.

"आमच्याकडे अशी पद्धत नाही, भिकाजीराव." त्याने बोटे पानापासून थोडी वर उचलली. नुसते पाणी मागायचे बाकी होते. भरल्या पानावर पाहुण्याने हात धुतला की सोयरीक तिथेच संपते, हे पडवीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. आत कणगीशी उभ्या असलेल्या तुळसाच्या बांगड्या एकदाच वाजल्या.

"मी वाढवलंय," सुभद्रा म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, इतका सरळ निघाला. "कणी घालून मी वाढवलंय आनी मीच कापलंय. तुमका लपवन वाढूक नाय. जेवचा नसात तर नका जेवा. पण तेचो राग माझ्या चेडवार काढू नकात."

धोंडू भिंतीला टेकला. त्याच्या ओठांच्या कडेला हसू उमटू लागले होते.

"गुरुदास," आतून काशीबाईची हाक आली. ती पानावरून उठली नव्हती. तिच्या हातात तंगडीचे हाड होते आणि ती ते दाराच्या उजेडात फिरवून पाहत होती. "तुझ्या पानातला हाड बघ. रगत ऱ्हवला हा?"

"आक्का, प्रश्न तो नाही..."

"बघ तर खरा."

गुरुदासने नाइलाजाने हाड उचलून पाहिले.

"नाय," तो म्हणाला. शुद्ध बोलणे कुठच्या कुठे गेले.

"नाय ना? रस्सो बघ कसो तांबूस इलो हा. धा वर्सां तू माझ्या घराकडे येवन कापतंस. अर्धा रगत आतच ऱ्हवता. रस्सो काळो पडता, हाडाक वास येता. भाव म्हणान मी काय बोलूक नाय आनी खातंय." तिने हाड पानावर ठेवले. "सुभद्राबाय, माका आनी दोन तुकडे वाढ. तंगडी असली तर बघ."

पहिल्यांदा हसला तो बाबली. त्याला ते आवरता आले नाही. घास नाकात गेला आणि तो खोकत हसत राहिला. मग वालावलचा एक म्हातारा हसला. मग भिकाजी. गुरुदासचे कान तांबडे झाले होते. त्याने एकदा बहिणीकडे पाहिले, एकदा पानाकडे. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि वडा मोडला.

"वाढा वयनी," तो पातेल्याकडे पाहत म्हणाला. "रस्सो आसा मा?"

काशीबाई तंगडी खाऊन होईपर्यंत पुढे बोलली नाही. मग पाणी पिऊन तिने विचारले,

"चेडवाक शिकवलंस?"

"अजून नाय," सुभद्रा म्हणाली.

"वैशाखापर्यंत शिकव. शिकवन धाड."

पातेले तळापर्यंत रिकामे झाले. धोंडूने आपल्या पानातले सगळे खाल्ले, कारण पाहुण्यांसमोर पानात टाकता येत नाही. पण भिकाजीने आग्रह केला तेव्हा त्याने हात आडवा धरला. भरती लागली तशी वालावलची मंडळी होडीत बसली. काशीबाईच्या हातात नारळासोबत एक तलंग होती, पाय बांधलेली. तिने ती मागून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्रा खुराड्याचे दार उघडून कोंबड्यांना बाहेर सोडत होती, तोच गडग्याचे बांबूचे बेडे सारून जानकी आली. तिचा नवरा मुंबईला, मुलगी बाळंतपणाला घरी आलेली. पदराखाली कोंबडा होता.

"सुभद्रा, चेडवाक अंगात ताकद नाय. सूप करून घालूक व्हया. आठ दिस धोंडूभावजींच्या दारात जातंय. आज नको, फाल्या ये म्हणतत." तिने कोंबडा पुढे केला. "तू कापशीत?"

सुभद्रेने कोंबडा हातात घेऊन छाती चाचपली. "ह्याका कणी कमी पडली हा," ती म्हणाली. पण तिने आडाळो फणसाखाली आणला आणि पाय दाबून बसली.

ती मान धरणार तेवढ्यात पुढच्या अंगणातून पावले वाजली. मागच्या वाटेने नव्हे, वाडीच्या सरळ वाटेने, सगळ्यांच्या दारांसमोरून सीता आली होती. धोंडूची बायको. तिच्या डोक्यावर पदर नीट होता आणि हात रिकामे होते. ती फणसाखाली येऊन उभी राहिली, आडाळ्याकडे पाहिले, सुभद्रेच्या हातांकडे पाहिले. जानकी दोन पावले मागे सरली.

सुभद्रेला वाटले, आता भांडण. तिने कोंबडा जवळ धरला.

"असो नाय," सीता म्हणाली. "असो धरलंस तर तो पंख सोडतलो आनी तुझा लुगडा खराब जातला. दी माझ्याकडे."

तिने कोंबडा घेतला. दोन्ही पंख पाठीवर नेऊन एकाची गाठ दुसऱ्यात घातली, बाईने केसांचा अंबाडा वळावा तितक्या सहज, आणि कोंबडा जमिनीवर ठेवला. तो नुसता पडून राहिला. पंख हलेनात.

"आता घे."

सुभद्रेने घेतला. पात्यावर मान गेली आणि सगळे एका दमात झाले. लुगड्यावर एक थेंब उडाला नाही. जानकीच्या तोंडाचा आ तसाच राहिला होता.

"वयनी," सुभद्रा हळूच म्हणाली, "तुका ह्या कसा म्हायत?"

सीता खाली बसली. तिने आडाळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला, धार पाहिली.

"ह्या बरा आसा. दोनय हात मोकळे ऱ्हवतत," ती म्हणाली. "माका सुचाक नाय. तीन वर्सां मी त्यांच्या सुरीन करतंय."

"तीन वर्सां?"

"माडावरसून पडले तेवापासून. त्यांचो उजवो हात खांद्याच्या वर जाणा नाय. सुरी धरूक गेले तर थरथरता. कोणाक सांगू नको म्हणाले. म्हणान नाय सांगूक."

फणसावर एक कावळा येऊन बसला आणि खालचे पाहून ओरडू लागला. जानकी एकेक वर्ष मोजत असल्यासारखी उभी होती. तीन वर्षांतल्या जत्रा, दिवाळी, गणपतीनंतरच्या सागोत्या, जावयांची पहिली जेवणे. वाडीतल्या सातही घरांनी, आल्यागेल्या पाहुण्यांनी, स्वतः धोंडूने जे जे खाल्ले ते.

"आज घराकडे काय सांगून इलंस?" जानकीने शेवटी विचारले.

"सांगूक नाय. पडवीत बसले हत. माका जाताना बघितल्यानी," सीता म्हणाली. "काय बोलाक नाय."

गडग्यापलीकडे हालचाल झाली. बाबलीची बायको आणि टोकाच्या घरातली म्हातारी रुक्मिणी, दोघी वाटेने येत होत्या. दोघींच्या पदराखाली काहीतरी फडफडत होते. फणसाखाली सीतेला पाहून त्या बेड्याशी थबकल्या.

सीतेने त्यांच्याकडे पाहिले. पदर कमरेला खोचला, बाह्या वर सारल्या आणि चुलीकडे मान वळवली.

"सुभद्रा," ती म्हणाली, "पाणी जास्ती तापत ठेव."